एका जाहिरातीचे उत्तरायुष्य

१५ डिसेंबर १९८९ रोजी, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, ‘द विझर्ड’ हा शंभर मिनिटांचा बालचित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच्या अखेरीस एका भव्य रंगमंचावर तीन मुले व्हिडिओ गेमच्या अंतिम सामन्यासाठी उभी राहतात. सूत्रसंचालक आरोळी ठोकतो आणि पाठीमागच्या पडद्यांवर ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ हा खेळ झळकू लागतो. जपानमध्ये हा खेळ २३ ऑक्टोबर १९८८ रोजीच विक्रीस आला होता. अमेरिकेतील दुकानांत मात्र तो फेब्रुवारी १९९० मध्ये यावयाचा होता. ज्या वस्तूची तेथील मुले वाट पाहत होती, तिचे पहिले दर्शन अशा रीतीने चित्रपटाचे तिकीट काढून घ्यावे लागले. जाहिरात पाहण्यासाठी प्रेक्षकानेच पैसे मोजावेत, असा प्रसंग व्यापाराच्या इतिहासात क्वचितच येतो.

समीक्षकांनी या चित्रपटाची गय केली नाही. शंभर मिनिटांची जाहिरात, अशी त्याची संभावना झाली. रॉजर एबर्ट या ख्यातनाम समीक्षकाने त्याला चारपैकी एकच तारा दिला. अमेरिकेतील तिकीटविक्रीतून सुमारे एक कोटी चाळीस लाख डॉलर मिळाले, ही रक्कमही डोळे दिपवणारी नव्हती. अशा चित्रपटाचे नाव दोन-तीन वर्षांत पुसले जावे, हाच एरवीचा शिरस्ता. परंतु तसे घडले नाही. ज्यांनी तो आठव्या-दहाव्या वर्षी पाहिला, त्यांनी चाळिशी ओलांडल्यावरही त्याची आठवण टाकलेली नाही. ही माणसे नेमके काय आठवतात, त्यांना विकली गेलेली वस्तू की त्या वस्तूच्या आडून त्यांच्यापर्यंत पोहोचलेले दुसरे काही, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बालपणाचा इतिहास लिहिणाऱ्याला टाळता येणार नाही.

या चित्रपटाच्या जन्माची पार्श्वभूमी सात वर्षे मागे जाते. १९८२ च्या सुमारास अमेरिकेत घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा भरभराटीस आला होता आणि त्यात अटारी ही कंपनी अग्रेसर होती. त्याच वर्षी स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ई.टी.’ या चित्रपटाने मुलांना वेड लावले. त्या लोकप्रियतेवर स्वार होण्यासाठी अटारीने मोठी रक्कम मोजून चित्रपटावर खेळ तयार करण्याचे हक्क घेतले, आणि नाताळच्या आत माल दुकानांत पोहोचावा म्हणून तो खेळ जेमतेम पाच आठवड्यांत तयार करविला. व्हायचे तेच झाले. न खपलेल्या आणि परत आलेल्या कॅसेटचे ढीग साचले. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने आपला नको असलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथील कचराभूमीत पुरून टाकला. पुढे कित्येक वर्षे ही गोष्ट दंतकथा मानली गेली. एप्रिल २०१४ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा मातीतून खरोखरीच त्या कॅसेट बाहेर निघाल्या.

हे एकट्या अटारीचे अपयश नव्हते. निकृष्ट खेळांचा सुळसुळाट, परस्परांच्या नकला करणारी यंत्रे आणि घरगुती संगणकांची स्पर्धा यांमुळे सारा व्यवसायच कोसळला. १९८३ मध्ये सुमारे तीनशे कोटी डॉलरची असलेली अमेरिकेतील उलाढाल १९८५ पर्यंत दहा कोटींच्या आसपास आली, असे सांगितले जाते. दुकानदार व्हिडिओ गेम हे शब्दही ऐकून घेईनासे झाले. चित्रपटाच्या यशावर खेळ विकण्याचा हा प्रयोग असा मातीत गेला. ‘द विझर्ड’मध्ये याच प्रयोगाची उलट बाजू दिसते: तेथे खेळाच्या यशावर चित्रपट उभा राहिला.

ज्या कंपनीमुळे हे शक्य झाले, ती निन्टेंडो मूळची पत्ते बनविणारी. जपानमधील क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी सप्टेंबर १८८९ मध्ये, फुलांची चित्रे असलेल्या ‘हानाफुदा’ या पारंपरिक पत्त्यांचे उत्पादन सुरू केले. ‘द विझर्ड’ प्रदर्शित झाला त्या वर्षी या पेढीने शंभरी पूर्ण केली होती. यामाउची यांचे पणतू हिरोशी यामाउची यांच्या कारकिर्दीत तिने आधी खेळण्यांत आणि मग इलेक्ट्रॉनिक खेळांत पाऊल टाकले. जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र आले, आणि त्याचेच रूप बदलून १९८५ च्या अखेरीस ते न्यूयॉर्कमधील दुकानांत ठेवण्यात आले. पोळलेल्या दुकानदारांना ते व्हिडिओ गेम वाटू नये, म्हणून त्याच्या जोडीला एक छोटासा यंत्रमानव देण्यात आला; खेळण्याचा वेष घेऊनच ही वस्तू अमेरिकेच्या बाजारात शिरली. १९९० पर्यंत तेथील सुमारे तीस टक्के घरांत हे यंत्र पोहोचले होते.

या यशामागे यंत्राइतकाच वाटा होता तो त्याभोवती विणलेल्या जाळ्याचा. १९८८ च्या मध्यास कंपनीने ‘निन्टेंडो पॉवर’ हे स्वतःचे नियतकालिक सुरू केले. त्यात खेळातील गुपिते, नकाशे, युक्त्या छापल्या जात. एखाद्या टप्प्यावर अडलेले मूल दूरध्वनी करून कंपनीच्या सल्लागाराकडून पुढची वाट विचारू शकत असे. पूर्वी खेळाचे नियम थोरल्या भावंडाकडून धाकट्याकडे, एका गल्लीकडून दुसरीकडे जात. आता ते ज्ञानही उत्पादकाच्याच दारातून मिळू लागले. खेळ, खेळाविषयीचे वाचन आणि खेळाविषयीचे संभाषण या तिन्हींवर एकाच कंपनीची मुद्रा उमटली. चित्रपट तेवढा बाकी होता.

त्या काळचे वारेही अनुकूल होते. मुलांसाठी असलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांतील जाहिरातींवर १९७४ पासून असलेली मार्गदर्शक बंधने अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने १९८४ मध्ये उठविली. त्यानंतर खेळण्यांच्या दुकानातील बाहुल्या हेच नायक असलेल्या चित्रमालिकांना ऊत आला. कार्यक्रम कोठे संपतो आणि जाहिरात कोठे सुरू होते, हे मुलांनाच काय, मोठ्यांनाही सांगता येईना. पालकांच्या आणि शिक्षकांच्या असंतोषाला यश येऊन १९९० मध्ये बालदूरचित्रवाणी कायदा संमत झाला आणि मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींना सुट्टीच्या दिवशी तासाला साडेदहा मिनिटांची व इतर दिवशी बारा मिनिटांची मर्यादा पडली. ‘द विझर्ड’ आला तो या दोन तारखांच्या मध्ये. चित्रपटगृहाला असली मर्यादा मुळातच नव्हती.

या व्यवहारात आणखी एक गमतीचा धागा आहे. चित्रपट युनिव्हर्सल या संस्थेने वितरित केला. याच संस्थेने १९८२ मध्ये निन्टेंडोवर खटला भरला होता: ‘डाँकी काँग’ या खेळातील माकड म्हणजे आपल्या ‘किंग काँग’ची नक्कल आहे, असा तिचा दावा होता. किंग काँगची मूळ कथा कोणाच्याही मालकीची नाही, असे युनिव्हर्सलनेच आधीच्या एका वादात सिद्ध करून घेतले असल्याचे उघड झाले, आणि न्यायालयाने दावा फेटाळला. सात वर्षांनंतर तेच वादी-प्रतिवादी हातात हात घालून मुलांसमोर आले. चित्रपटातील अंतिम स्पर्धा भरते तीही लॉस एंजेलिसमधील युनिव्हर्सलच्या क्रीडानगरीत, आणि तेथील पळापळीत किंग काँगच्या महाकाय प्रतिकृतीचेही दर्शन घडते. एका आस्थापनेचे यंत्र आणि दुसरीचे पर्यटनस्थळ, अशी ही दुहेरी जाहिरात होती.

एवढे सगळे ध्यानी घेतल्यावर या चित्रपटाची कथा काय असेल, याविषयी वाचकाच्या मनात जी अपेक्षा निर्माण होते, ती कथा मात्र खोटी ठरविते. डेव्हिड चिझम यांनी लिहिलेल्या आणि टॉड हॉलंड यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाच्या आरंभी एक लहान मुलगा निर्जन महामार्गावरून एकटाच चालत निघालेला दिसतो. त्याच्या हातात जेवणाचा एक डबा आहे. मुलाचे नाव जिमी. दोन वर्षांपूर्वी त्याची जुळी बहीण जेनिफर ग्रीन नदीत बुडून मरण पावली. तेव्हापासून तो जवळजवळ मुका झाला आहे. ‘कॅलिफोर्निया’ हा एवढा एकच शब्द त्याच्या तोंडून पुनःपुन्हा येतो. मुलीच्या मृत्यूने घराचे दोन तुकडे झाले आहेत: जिमी आई आणि सावत्र वडिलांकडे, तर त्याचे सावत्र भाऊ निक आणि कोरी वडिलांकडे. आईच्या घरी निर्णय होतो की, जिमीला संस्थेत ठेवावे. हे कळताच तेरा वर्षांचा कोरी त्याला तेथून पळवतो आणि दोघे कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागतात.

एका बसस्थानकावर कोरी धाकट्याला तेथल्या व्हिडिओ गेमच्या यंत्रापाशी उभे करून तिकिटांच्या चौकशीला जातो. परत येऊन पाहतो तो जिमीने पन्नास हजार गुण मिळविलेले. तेथेच त्यांना हेली भेटते. रेनोकडे निघालेली ही मुलगी वयाने कोरीएवढीच, पण जगाचे टक्केटोणपे खाल्लेली. पन्नास हजार डॉलर बक्षिसाची एक स्पर्धा लॉस एंजेलिसला आहे, हे तीच सांगते. जिमी जिंकला तर तो ‘वेडा’ नाही हे सिद्ध होईल, अशी कोरीची आशा. हेलीला आपल्या वाट्याच्या पैशांतून घर हवे आहे. मग मिळेल त्या वाहनाला हात दाखवीत, वाटेत मोठ्या माणसांना खेळात हरवून पैसे मिळवीत, ही तीन मुले वाळवंट ओलांडतात. त्यांच्यामागे वडील आणि निक, आणि त्या दोघांच्याही आधी पोहोचू पाहणारा, पळालेली मुले पकडून आणण्याचा पेशा करणारा एक भाडोत्री माणूस.

मुकेपण आणि खेळातील अलौकिक कौशल्य यांची जोड नवी नव्हती. ‘द हू’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९६९ मधील ‘टॉमी’ या संगीतरचनेचा नायक अंध, मूक आणि बधिर असून पिनबॉलच्या खेळात अजिंक्य असतो. १९७५ मध्ये केन रसेल यांनी त्यावर चित्रपट केला. डिसेंबर १९८८ मध्ये आलेला ‘रेन मॅन’ही दोन भावांच्या प्रवासाचाच होता. या दोहोंचे ऋण ‘द विझर्ड’च्या अंगावर स्पष्ट दिसते. परंतु वरील दोन कृतींत नसलेली एक गोष्ट येथे आहे: मृत भावंड. मुलांसाठी तयार केलेल्या आणि खेळणे विकण्याच्या हेतूने बेतलेल्या चित्रपटाच्या मध्यभागी एका लहान मुलीचा मृत्यू असावा, हे आश्चर्यच होय.

जाहिरात मात्र पावलोपावली डोकावते. मुले अडली की कंपनीच्या सल्लागाराला दूरध्वनी करतात. नियतकालिकाचे अंक हाती दिसतात. निकने प्रवासात यंत्र बरोबर घेतलेले असते. आरंभी त्याकडे तुच्छतेने पाहणारे वडील पुढे रात्र जागून खेळत बसतात. ल्यूकस बार्टन हा प्रतिस्पर्धी ‘पॉवर ग्लव्ह’ नावाचा इलेक्ट्रॉनिक हातमोजा मोठ्या दिमाखात चढवितो, तेव्हा एखाद्या योद्ध्याने शस्त्र परजावे तसा तो क्षण चित्रित केला आहे. हा हातमोजा मॅटेल कंपनीने १९८९ मध्येच बाजारात आणला होता. मूळ संशोधन प्रयोगशाळांसाठी केलेल्या, हजारो डॉलर किमतीच्या हातमोजाचे. त्याची ही मुलांना परवडेल अशी आवृत्ती. पडद्यावर तो जादूचा वाटला. घरी आणल्यावर मुलांना कळले की, त्याने धड खेळताच येत नाही. लवकरच त्याचे उत्पादन थांबले. दाखविलेले आणि मिळालेले यांतले अंतर किती असते, हा धडा अनेक मुलांनी प्रथम त्या हातमोजापासून घेतला असेल.

त्याच्या नेमके उलट भाग्य ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ला लाभले. हा खेळ दाखविल्याप्रमाणेच, किंबहुना त्याहून सरस निघाला. जगभरात त्याच्या एक कोटी सत्तर लाखांहून अधिक प्रती खपल्या. चित्रपटाच्या अंतिम सामन्यात मागे पडलेला जिमी पहिल्याच प्रदेशातील किल्ल्यात दडवलेली एक जादूची शिट्टी शोधून काढतो आणि तिच्या बळावर थेट पुढच्या प्रदेशांत उडी घेतो. कोणीही कधी न खेळलेल्या खेळातील हे गुपित त्याला कसे ठाऊक, असा प्रश्न विचारणाऱ्याला चित्रपट उत्तर देत नाही. परंतु त्या शिट्टीचे ठिकाण चित्रपट पाहिलेल्या मुलांना खेळ दुकानात येण्याच्या दोन महिने आधीच माहीत झाले. पुढे हाती खेळ आल्यावर त्याच किल्ल्यात, त्याच छतावरून, त्याच दारात ते शिरले, तेव्हा पडद्यावरील मुलाचा हात जणू त्यांच्या हातात आला. कंपनीने ठरवून केलेल्या या पेरणीतून मुलांनी मात्र आपसात कुजबुजण्याचे गुपित उगवून घेतले.

कथेतील स्पर्धा लवकरच प्रत्यक्षातही उतरली. मार्च १९९० मध्ये डॅलस येथे ‘निन्टेंडो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स’ या फिरत्या स्पर्धांचा प्रारंभ झाला. अमेरिकेतील शहरांमागून शहरे घेत त्या वर्षाच्या अखेरीस तिची अंतिम फेरी लॉस एंजेलिसमध्ये, युनिव्हर्सलच्या त्याच क्रीडानगरीत झाली. तीन खेळांचे तुकडे एकत्र केलेली खास कॅसेट त्यासाठी तयार केली होती, आणि ती खेळावयास सहा मिनिटे एकवीस सेकंद मिळत. अंतिम फेरी गाठलेल्यांना दिलेल्या करड्या रंगाच्या कॅसेट नव्वद, आणि नियतकालिकाच्या सोडतीतून वाटलेल्या सोनेरी कॅसेट सव्वीस. मुलांच्या कपाटातून निघालेल्या या कॅसेटना पुढे संग्राहकांच्या बाजारात हजारो डॉलरची किंमत आली. जाहिरातीसाठी वाटलेली वस्तू शेवटी खजिना ठरली.

भारताशी या इतिहासाचा संबंध आडवाटेने आला. नव्वदच्या दशकात भारतातील शहरांत ‘फॅमिकॉम’च्या नकला असलेली स्वस्त यंत्रे मिळू लागली. एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा वेष्टणावर असे. प्रत्यक्षात तेच दहा-बारा खेळ नावे बदलून पुनःपुन्हा येत. मुंबई-पुण्यापासून इंदूर-बडोद्यापर्यंत मराठी घरांतील मुलांनाही मारिओ भेटला तो या यंत्रांतून. निन्टेंडोचे नियतकालिक नाही, सल्लागाराचा दूरध्वनी नाही. ‘द विझर्ड’चे तर बहुतेकांनी नावही ऐकले नव्हते. गुपिते येथे पुन्हा जुन्याच वाटेने, थोरल्या भावाकडून धाकट्याकडे आणि वाड्याच्या एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर गेली. कंपनीच्या जाळ्याबाहेरही तो खेळ तितकाच प्रिय झाला, यावरून एवढे तरी म्हणता येते की, मुलांच्या खेळण्यातला आनंद जाहिरातीने निर्माण केला नव्हता. जाहिरातीने त्याची दिशा तेवढी आपल्याकडे वळवून घेतली.

आता आठवणीकडे वळावयाचे. मराठीत ‘स्मरणरंजन’ असा शब्द रूढ आहे. आठवणीतून मनाला रिझविणे, असा त्याचा सरळ अर्थ. युरोपीय भाषांतला ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द मात्र १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकाच्या अभ्यासकाने घराच्या ओढीने आजारी पडणाऱ्यांच्या दुखण्याला नाव म्हणून घडविला. ‘परतणे’ आणि ‘वेदना’ या दोन ग्रीक शब्दांची ती संधी होय. एकाच मनोवस्थेतील सुख एका भाषेने उचलले, दुःख दुसरीने. ‘द विझर्ड’विषयीची ओढ समजून घेण्यास दोन्ही शब्द लागतात.

बाजाराला यांतील रंजन तेवढे उपयोगी पडते. ज्या पिढीला १९८९ मध्ये वस्तू विकली, तिलाच तीस वर्षांनी त्या वस्तूची आठवण विकता येते. या चित्रपटाची संग्राहकांसाठी सजविलेली आवृत्ती २०२० मध्ये निघाली. २०२३ मध्ये मारिओवरचा चलचित्रपट आला, तेव्हा एकेकाळची मुले आपल्या मुलांना घेऊन चित्रपटगृहात गेली, आणि त्याची कमाई एकशे तीस कोटी डॉलरच्याही पलीकडे पोहोचली. ज्या मारिओच्या दर्शनासाठी ‘द विझर्ड’मध्ये दीड तास वाट पाहावी लागली होती, तो आता पहिल्यापासून शेवटपर्यंत पडद्यावर होता.

कोरीची भूमिका करणारा फ्रेड सॅव्हेज या सगळ्या व्यवहाराचे मूर्तिमंत प्रतीक ठरावा. १९८७ च्या ‘द प्रिन्सेस ब्राइड’ या चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात तो आजारी नातू आहे. अंथरुणात पडून बेसबॉलचा व्हिडिओ गेम खेळत असता आजोबा येतात आणि त्याला एक पुस्तक वाचून दाखवू लागतात. १९८८ ते १९९३ या काळात ‘द वंडर इयर्स’ या लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेत त्याने साठीच्या दशकातील एक मुलगा साकारला. त्या मालिकेचा आत्माच मुळी आधीच्या पिढीचे स्मरणरंजन हा होता. म्हणजे ‘द विझर्ड’ पाहणारी मुले ज्या चेहऱ्यात स्वतःला शोधीत होती, त्याच चेहऱ्यात त्यांचे आईवडील आपले हरवलेले बालपण पाहत होते. काळ लोटला आणि मुलेही आईवडिलांच्या रांगेत येऊन उभी राहिली.

परंतु मोठेपणी हा चित्रपट पुन्हा पाहणाऱ्याच्या वाट्याला रंजनाबरोबर वेदनाही येते, ती शेवटच्या काही मिनिटांत. स्पर्धा संपलेली आहे, जिमी जिंकला आहे. जाहिरातीचे काम तेथे पूर्ण झाले. चित्रपट तेथेच संपविता आला असता. तसे होत नाही. सगळे गाडीतून परत निघाले असताना वाटेत महामार्गालगत दोन प्रचंड डायनोसॉर दिसतात आणि जिमी अस्वस्थ होतो. गाडी थांबताच तो धावत सुटतो.

हे डायनोसॉर खरेच आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियातील कॅबाझन येथे क्लॉड बेल या शिल्पकाराने १९६४ मध्ये महामार्गावरील आपल्या उपाहारगृहाकडे प्रवाशांचे लक्ष वेधावे, म्हणून लोखंड आणि काँक्रीटचा पहिला महाकाय डायनोसॉर उभारण्यास घेतला. त्याचे काम दशकभर चालले. पुढे त्याच्या शेजारी दुसराही उभा राहिला. म्हणजे मुळात तीही एक जाहिरातच. परंतु तेथे थांबणाऱ्या हजारो कुटुंबांनी त्यांच्या पायांशी उभे राहून छायाचित्रे काढली, आणि जाहिरात हळूहळू त्यांच्या घरातील आठवण झाली.

जिमी त्या डायनोसॉरच्या पोटात शिरतो आणि सबंध चित्रपटभर न सोडलेला डबा उघडतो. त्यात बहिणीच्या वस्तू आणि छायाचित्रे आहेत. त्यांतल्या एका छायाचित्रात सारे कुटुंब, अद्याप न तुटलेले, याच डायनोसॉरपुढे उभे आहे. त्याच्या ‘कॅलिफोर्निया’चा अर्थ तेव्हा कोरीला आणि प्रेक्षकाला एकदमच कळतो. त्याला स्पर्धेला जायचेच नव्हते. जेथे ती हसत उभी होती तेथे तिला नेऊन पोहोचवायचे होते, आणि निरोप घ्यायचा होता. तो डबा तेथेच ठेवून देतो. पुढे दुरावलेले आईवडील निदान एवढ्यापुरते एकमत होतात की, जिमीने कोरीबरोबर घरी जावे.

पाहता पाहता ध्यानात येते की, मुलांना ‘कॅलिफोर्निया’ या शब्दाचा जो अर्थ कोरी-हेलीने आणि चित्रपटाच्या प्रायोजकांनी सांगितला, तो जिमीचा नव्हताच. सगळे त्याला स्पर्धेकडे घेऊन चालले होते. तो मुकाट्याने त्यांच्याबरोबर जात होता, कारण वाट तीच होती. खेळाने त्याला काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बोलणे बंद झालेल्या मुलाला यंत्रापुढे प्रथमच असे काही सापडले, ज्यात त्याने केलेल्या कृतीला ताबडतोब उत्तर मिळत होते. मेलेल्या माणसाकडून जे कधीच मिळत नाही ते. कोरीला त्याच्यावर विश्वास ठेवण्यास निमित्त मिळाले. परंतु खेळाने त्याला बरे केले, असे चित्रपट म्हणत नाही. वस्तू विकण्यासाठी काढलेल्या चित्रपटाने आपल्या नायकाचे दुःख वस्तूने मिटते, असे दाखविण्याचा मोह टाळला. हे जाणीवपूर्वक झाले की कथालेखकाला मूळ गोष्ट सोडवेना म्हणून झाले, हे ठरविण्याची गरज नाही. पडद्यावर ते आहे, एवढे पुरे.

मुलांनी ते त्याच वेळी ओळखले असेल काय? दहाव्या वर्षी बहुधा त्यांनी मारिओच पाहिला; हातमोजा मागितला, शिट्टी शोधली. डब्यातील छायाचित्र मात्र त्यांच्या मनात कोठेतरी पडून राहिले असले पाहिजे. मध्यंतरीच्या वर्षांत त्यांची स्वतःची माणसे गेली, काहींची घरे दुभंगली, काहींनी लहानपणीचा गाव सोडला. ज्या भावंडाबरोबर एकाच यंत्राचे दोन दांडे धरून ती बसत, ते कधी दूर देशी गेले, कधी कायमचे. त्यानंतर तोच चित्रपट पाहताना अंतिम सामन्याचा जल्लोष त्यांना लांबलेला वाटतो, आणि पूर्वी ज्या दृश्याच्या वेळी ती उठून बाहेर जावयास निघत, तेथे ती बसून राहतात.

बालपणाच्या इतिहासाची साधने विचित्र असतात. राजांच्या इतिहासाला शिलालेख मिळतात. मुलांच्या इतिहासाला मिळतात ती फुटकी खेळणी, कॅसेट, वेष्टणे, म्हणजेच कोणीतरी नफ्यासाठी बनविलेल्या वस्तू. अभ्यासकाने त्यांतील नफ्याचा हिशेब अवश्य मांडावा. तो न मांडणे म्हणजे मुलांना ज्यांनी गिऱ्हाईक मानले, त्यांना मोकळे सोडणे होय. परंतु हिशेब मांडून झाल्यावर ती वस्तू कचऱ्यात टाकण्याची घाई त्याने करू नये. अलामोगोर्डोच्या मातीतून जे वर आले त्यात ज्यांचे बालपण होते, ती माणसे उत्खननाच्या जागी तासन् तास उभी होती. निर्माता वस्तूला किंमत लावू शकतो. मूल तिच्यात काय ठेवून देईल, हे त्याच्या हाती नसते.

जिमीचा डबाही शेवटी दुकानातूनच आणलेला होता.